पतीची दिवाळखोरी आणि पत्नीचा पगार

प्रश्न : माझे पती वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करण्याच्या विचारात आहेत. सर्व कर्जे त्यांच्या एकट्याच्या नावावर असून मी सहकर्जदार नाही आणि जामीनदारही नाही. तरीही अर्जात माझा पगार दाखवावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले आहे. मग त्यांचे कर्ज माझ्या पगारातून वसूल होणार का?

उत्तर : नाही. पतीच्या अर्जामुळे आपण कर्जदार ठरत नाही. आपला पगार विचारला जातो तो एवढ्यासाठीच की, घरखर्चाचा किती भार प्रत्यक्षात पतींवर पडतो आणि तो भागवून त्यांच्याकडे कर्ज देणाऱ्यांसाठी काय उरते, हे त्याशिवाय ठरवता येत नाही. हा हिशेब मात्र देशोदेशी वेगवेगळ्या रीतीने होतो.

कॅनडाची पद्धत यात सर्वांत उलगडून सांगण्यासारखी आहे. तेथे कुटुंबाच्या निव्वळ मासिक उत्पन्नातून पोटगी, पाळणाघर, औषधोपचार असे टाळता न येणारे खर्च वजा करतात आणि उरलेली रक्कम कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात. समजा, ही रक्कम मर्यादेपेक्षा १,००० डॉलरने अधिक निघाली आणि कुटुंबाच्या उत्पन्नात पतीचा वाटा ६० टक्के असला, तर त्यांच्या वाट्याचे ६०० डॉलर धरून त्याच्या निम्मे, म्हणजे दरमहा ३०० डॉलर त्यांना भरावे लागतात. आपल्या ४० टक्क्यांवर काहीही आकारले जात नाही. परंतु आपल्या पगारामुळे कुटुंब मर्यादेच्या वर गेले, तर त्याचा परिणाम मुदतीवर होतो : पहिल्याच दिवाळखोरीतून एरवी ९ महिन्यांत होणारी सुटका २१ महिन्यांवर जाते. माझ्या मते दरमहाच्या हप्त्यापेक्षा या लांबलेल्या मुदतीचा विचार आधी करावा.

अमेरिकेत अर्जापूर्वीच्या ६ महिन्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती त्या राज्यातील तेवढ्याच मोठ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी (म्हणजे निम्म्या कुटुंबांचे ज्याहून कमी आणि निम्म्यांचे ज्याहून अधिक असते, त्या रकमेशी) ताडतात. एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न त्यात धरले जाते. मात्र त्यातील जो भाग घरखर्चाला लागत नाही, उदाहरणार्थ आपल्या स्वतःच्या जुन्या कर्जाचा हप्ता, तो वजा करून मागता येतो, आणि ही वजावट पुष्कळांकडून राहून जाते. तेथील दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखालील, म्हणजे हप्त्यांनी परतफेड करण्याची, योजना मध्यम उत्पन्नाच्या खाली साधारणतः ३ वर्षांची, तर वर ५ वर्षांची असते. इंग्लंडमध्ये कुटुंबाच्या वाजवी गरजा भागवून उरलेल्या उत्पन्नातून कमाल ३ वर्षे हप्ते घेतले जातात.

म्हणून अर्जापूर्वीच पगारपत्रके आणि घरखर्चात कोण किती घालते याचा लेखी तपशील तयार ठेवावा. पुढे आपली नोकरी गेली किंवा पगार वाढला, तर पतींनी ते दिवाळखोरीचे काम पाहणाऱ्या विश्वस्ताला तत्काळ कळवावे, कारण हप्त्याची फेरआकारणी त्याच माहितीवर होते.