हळू आवाजातलं संगीत अंगावर काटा का आणतं?

आवाज हळू झाला की आपण नकळत श्वास रोखून कान देतो, आणि तिथेच ते संगीत आपल्याला पकडतं. दोन अगदी जवळचे सूर, समजा २२० आणि २२३ हर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं), एकत्र धरले तर आवाज सेकंदाला ३ वेळा फुगतो-ओसरतो. दोन व्हायोलिनवर असा लांबवलेला सूर ऐकून पाहा, पोटात कसंतरी होतं. अशा संगीतात बहुधा ठेका नसतो, म्हणून पुढचा सूर कधी येणार याचा अंदाज लागत नाही. शिवाय घुमारा वाढवला की जागा मोठी, रिकामी भासते. पण माझ्या मते खरी कमाल शांततेची. सूर मध्येच थांबतो, षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, परतत नाही, आणि आपण त्याची वाट बघत राहतो.