घरी बनवलेल्या झेड-८० संगणकाला स्वस्तात व्हिडिओ आउटपुट कसं द्यावं?

तुमचा झेड-८० (जुना ८-बिट प्रोसेसर) सिरियल टर्मिनलवर, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या स्क्रीन-कीबोर्डवर, नीट चालतोय आणि आता त्याला स्वतःचा स्क्रीन हवाय, तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडा. झेड-८० ने मजकूर सिरियल लाइनवरून पिकोला पाठवायचा, पिकोने तो मॉनिटरवर काढायचा. मॉनिटरचा खर्च सोडला तर यापेक्षा स्वस्त आणि सोपा मार्ग मला दिसत नाही.

व्हीजीए या मॉनिटर-जोडणीच्या जुन्या पद्धतीचं ६४० × ४८० चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा काढायचं, तर पिक्सेल क्लॉक (एकेक ठिपका पाठवण्याचा वेग) २५.१७५ मेगाहर्ट्झ लागतो. ४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरकडून ही अपेक्षाच करू नये. पिकोमधली पीआयओ यंत्रं (पिनांचं टायमिंग स्वतंत्रपणे सांभाळणारे छोटे प्रोग्रामेबल भाग) मात्र हे टायमिंग सहज सांभाळतात.

सुरुवात मजकुरापासूनच करा. ८ × १६ चा फॉन्ट घेतला की ८० × ३० अक्षरं बसतात आणि त्यासाठी, अक्षराला एक बाइट धरून, फक्त २४०० बाइट पुरतात. तेच चित्र एकरंगी बिटमॅप (प्रत्येक ठिपक्याला एक बिट) म्हणून झेड-८० च्याच मेमरीत ठेवलं तर ३८,४०० बाइट, म्हणजे झेड-८० च्या ६४ केबीपैकी अर्ध्याहून जास्त जागा गेली!

जोडणी अशी: लाल, हिरव्या, निळ्या पिनवर प्रत्येकी २७० ओहमचा रेझिस्टर. मॉनिटरच्या ७५ ओहमसोबत पिकोच्या ३.३ व्होल्टचे साधारण ०.७ व्होल्ट होतात, आणि आठ रंग मिळतात. दोन्ही सिंक (ओळ आणि चित्र कधी सुरू होतं हे सांगणारे सिग्नल) थेट जोडल्या तरी बहुतेक मॉनिटर घेतात. पण झेड-८० कडून येणारी ५ व्होल्टची सिरियल लाइन पिकोला थेट देऊ नका, पिन जळू शकते. मध्ये व्होल्टेज कमी करणारा १ के आणि २ के ओहमच्या रेझिस्टरचा डिव्हायडर हवाच.

जुन्या काळातलीच व्हिडिओ चिप हवी असेल तर टीएमएस९९१८ए आहे. २५६ × १९२ चित्र, स्प्राइट्स (स्क्रीनवर हलवता येणारी छोटी चित्रं) आणि तिच्यासाठी बाहेरून जोडलेली वेगळी १६ केबी मेमरी. सुंदर चिप, फक्त त्या मेमरीच्या डीरॅम चिप्सची जुळवाजुळव वेळखाऊ आहे.