पाण्यात बुडालेली सेकंड हँड गाडी कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न असा: घर कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीला, बजेट चार लाख, पहिलीच गाडी, पाच-सहा वर्षांची हॅचबॅक बघताय. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून काय बघावं, मेकॅनिक न्यावा का, आणि पेट्रोल घ्यावी की सीएनजी.

पुढच्या सीटचा बेल्ट ओढा. नेहमी लावतो तेवढा नाही, अडेपर्यंत, रिळावरचा शेवटचा वेढा बाहेर येईपर्यंत. ते रीळ दाराच्या खांबात खाली, जमिनीलगत असतं. गाडी धुणारा माणूस सीट धुतो, मॅट बदलतो, डॅशबोर्डला पॉलिश मारतो, पण रिळावर गुंडाळलेला बेल्ट धुवायचं त्याच्या डोक्यात येत नाही. तिथे मातकट डाग, आडवी रेघ किंवा बोटाला लागणारी वाळलेली माती दिसली की गाडी सोडून द्या. आणि सात वर्षांच्या गाडीत बेल्ट अगदी कोरे दिसले तरी विचारा, का बदलले म्हणून.

हे मला नोव्हेंबर २०१९मध्ये कोणी सांगितलं असतं तर आमच्या घरातले दोन गणपती शांततेत गेले असते.

आमच्या थोरल्या साडूंना गाड्यांतलं कळतं, असा सासरी सर्वांचा समज आहे. त्यांनी आजवर सहा गाड्या बदलल्यात. ज्याला खरंच कळतं त्याला सहा वेळा का बदलाव्या लागतात, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही, इथे विचारतो. तर दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. त्यांच्या ओळखीतल्या ओळखीत एक गाडी आहे, २०१४ची, फर्स्ट ओनर, कमी फिरलेली, दोन पंच्याऐंशीला देतोय, बाजारात साडेतीनच्या खाली मिळणार नाही. पासिंग एमएच ०५, म्हणजे कल्याण आरटीओ. त्याच वर्षी २६-२७ जुलैला उल्हास नदी बदलापुरात शिरली होती आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. टीव्हीवर आम्ही दोघांनीही ते पाहिलं होतं. पण समोर गाडी आणि पासष्ट हजारांचा फायदा उभा असताना जुलै कोणाला आठवतो?

गाडी बघायला आम्ही संध्याकाळी सात वाजता गेलो, ही पहिली चूक. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्याच गाड्या नव्या दिसतात. सीट कव्हर नवी, मॅट नवे, आरशाला मोगऱ्याची अत्तराची बाटली टांगलेली. बायको मागे बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, ‘ओल्या गोणपाटाचा वास येतोय.’ साडू हसले. म्हणाले, ‘अगं, बंद गाडीला वास येतोच. गाडी नाकाने घेत नाहीत, कानाने घेतात. इंजिन ऐक.’ इंजिन खरंच छान वाजत होतं. मीही मान डोलावली, आणि तिच्या नाकापेक्षा त्यांच्या कानावर विश्वास ठेवला. ती ते अजून विसरलेली नाही.

इंजिन छान वाजणारच. इंजिनात पाणी गेलं तर ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखं होतं. ते काढायचं, दोन-तीन वेळा नवं घालून फिरवायचं, फिल्टर बदलायचे, झालं. धातू आहे तो, साफ होतो. वायरिंग साफ होत नाही. कनेक्टरच्या आत शिरलेलं घाण पाणी वाळतं, पण पितळेवर हिरवा गंज धरतो आणि तो सावकाश, महिन्यामहिन्याने पसरतो. म्हणून पाण्यातली गाडी टेस्ट ड्राइव्हला हसते आणि सहा महिन्यांनी रडते.

आमची जून २०२०मध्ये रडली. मधले अडीच-तीन महिने लॉकडाऊनमुळे जागची हलली नव्हती. बॅटरी बसलेली, ती कोणाचीही बसते. जम्पर लावून चालू केली. पुढच्या आठवड्यात माजिवड्याच्या पुलावर धो धो पावसात डावीकडची काच आपोआप खाली गेली आणि वर यायला तयार नाही. कापूरबावडीपर्यंत बायको मांडीवर छत्री उघडून बसली होती. मग एका रात्री अडीच वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये हॉर्न सुरू झाला, एकसलग. वॉचमन, सेक्रेटरी, आणि बी विंगमधले एक आजोबा ज्यांना वाटलं आग लागली. मी बॅटरीची वायर काढेपर्यंत निम्मी इमारत खिडकीत. त्यानंतर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो गेलाच नाही.

साडूंचं म्हणणं फोनवर लगेच आलं: गाडी उभी राहिली म्हणून बिघडली, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांच्याच बिघडल्या, उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील, तू आठवड्यातून एकदा तरी चालू करायला हवी होतीस. म्हणजे चूक माझी. यात तथ्य नाही असं नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात, आत बुरशी धरते. पण उभी राहिल्याने गाडीत गाळ येत नाही.

गाळ दाखवला वागळे इस्टेटमधल्या एका वायरिंगवाल्या काकांनी. त्यांनी डॅशबोर्ड नंतर उघडला. आधी ड्रायव्हरचा बेल्ट खसकन ओढला, टोक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, ‘साहेब, ही पोहून आलेली गाडी आहे.’ मग एकेक जागा दाखवली. सीट पूर्ण मागे सरकवून रेल आणि बोल्ट: गंजलेले, आणि बोल्टच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे, म्हणजे सीट काढून आतून धुतलेली. कार्पेटखालचा फोम: वरून कोरडा, दाबला की थंड. डिकीत स्टेपनी उचलली तर खाली खाचेत बारीक चिकणमातीचा थर, तळ्याचं पाणी आटल्यावर पडतात तशा भेगा पडलेला. सीटखालचे पिवळे कनेक्टर हिरवे झालेले. हे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे असतात. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्सही खाली, गिअरच्या आसपास बसवलेला असतो, म्हणजे पाणी आलं की तोही लवकर बुडतो. काच खाली जाणं हा वैताग आहे. धडक बसल्यावर एअरबॅग उघडणार की नाही हे माहीत नसणं हा वैताग नाही. त्या गाडीतून मी लॉकडाऊन लागेपर्यंत पोरीला शाळेत आणि नंतर आजीच्या घरी नेत होतो.

म्हणून हे जरूर करा: चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे हे तुम्हाला कळतंच. मुळात लागलाच नाही, तर बहुधा कोणीतरी तो दिवाच काढून ठेवलाय. असा विक्रेता बाकी काय काय काढून ठेवत असेल.

मेकॅनिक न्यावा का? न्यावाच. पण तुमचा, विकणाऱ्याच्या ओळखीतला नाही. आणि शक्य असेल तर इंजिनवाल्याबरोबर वायरिंगवालाही. अर्ध्या दिवसाचे पैसे द्या, घासाघीस करू नका. गाडी भर दुपारी बघा. अत्तर, फ्रेशनर जे काही असेल ते बाहेर काढायला सांगा, काचा लावून दहा मिनिटं आत बसा, एसीचा ब्लोअर पूर्ण सोडा. घरातलं सर्वांत तिखट नाक बरोबर घेऊन जा. आणि मालकाला घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस हिस्टरी काढा. मी ती गाडी नावावर झाल्यानंतर काढली, म्हणजे वरात गेल्यावर पत्रिका जुळवली. त्यात ऑगस्ट २०१९ची नोंद होती: टो करून आणली, इस्टिमेट दिलं, काम न करता परत नेली.

हा कागद आणि बेल्टाचा फोटो घेऊन मी पुढच्या गणपतीत डोंबिवलीला सासरी गेलो. आरती झाली, मोदक झाले, मग मी मोबाईल पुढे केला. साडू फोटो बघून म्हणाले, ‘कोणाच्या तरी शर्टाचा मळ लागला असेल.’ नोंद दाखवली तर म्हणाले, ‘टो तर क्लच प्लेट गेली तरी करतात.’ आणि शेवटी, सासऱ्यांच्या देखत: ‘वंदना डेपोजवळ पाणी साचतं तिथे तुम्हीच घातली असेल.’ आता ठाणेकरांना सांगायला नको, वंदनापाशी पाणी साचतं हे खरंच आहे. पण आमची गाडी दुसऱ्या पोडियमवर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभी असते, आणि त्या पावसाळ्यात ती माजिवड्याला गेली, वागळेला गेली, बाकी जागेवर होती. तिथे डिकीत गाळ बसण्याइतकं पाणी चढलं असतं तर पेपरात आलं असतं. सासरे म्हणाले, ‘मोदक घ्या आणखी.’ विषय तिथे थांबला तो थांबलाच.

गाडी मी पुढे एकाहत्तर हजारांना एका सुटे भाग काढणाऱ्याला विकली, काय झालंय ते सांगून. कोणा तुमच्यासारख्याला विकली असती तर जास्त आले असते.

दोन गोष्टी मात्र न्यायाने सांगायला हव्यात. एक, एमएच ०५ दिसलं की पळू नका. बदलापूर-कल्याणची बहुतेक मंडळी गाड्या जपूनच वापरतात, आणि बुडालेली गाडी एमएच ०४ किंवा ४३चीही असते. बेसमेंट पार्किंग काही फक्त तिकडे नाही. नुसतं पायाखालचे मॅट भिजण्याइतकं पाणी आलं आणि मालकाने लगेच कार्पेट काढून वाळवलं, तर तेवढ्याने गाडी वाया जात नाही. दोन, साडूंनी त्या व्यवहारात एक रुपयाही खाल्ला नाही. खाल्ला असता तर भांडण सोपं झालं असतं.

घेतल्यावर कागद लवकर करा. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० दोन्हींवर सह्या घ्या, जुनी ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या, आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर मिळत असेल तर घ्याच. तुम्ही ऐरोलीला कळवा-विटाव्यावरून जाणार असाल तर पाणी साचणारा विटाव्याचा रेल्वे पूल आहेच वाटेत. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलत बाहेर काढा. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत सेल्फ मारल्यानंतरचं इंजिनाचं नुकसान धरत नाहीत.

पेट्रोल की सीएनजी हे राहिलं. त्यातलं मला फारसं कळत नाही, साडूंना कळतं असं म्हणतात. मी एवढंच सांगेन की डिकीत सीएनजीचा सिलिंडर असला की स्टेपनीच्या खाचेपर्यंत हात जात नाही. मोबाईलचा टॉर्च लावून कॅमेरा फटीतून आत घाला आणि व्हिडिओ काढा.