वाचकांचे प्रश्न : टोकियोतला शेवटचा दिवस

प्रश्न : येत्या नोव्हेंबरमध्ये मी, पत्नी, मुलगा आणि माझी 68 वर्षांची आई असे चौघे जपानला जात आहोत. सहलीचा शेवटचा दिवस टोकियोत मोकळा आहे. मुक्काम उएनो स्थानकाजवळ असून नारिताहून सुटणारे विमान रात्री आठचे आहे. मुलाने त्या दिवसासाठी असाकुसा, अकिहाबारा, शिबुया आणि ओदाइबा अशी यादी केली आहे. आईचे गुडघे दुखतात, विशेषतः जिने उतरताना, आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. दिवस कसा आखावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाची यादी उत्साहाची आहे, पण ती शेवटच्या दिवसाची नाही. आठच्या विमानासाठी पाचपर्यंत नारिताला पोहोचायचे, म्हणजे उएनो चारला सोडायचे. हातात उरणारे सहा-सात तास भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर घालवण्यापेक्षा आपल्या मुक्कामाच्या पाठीमागेच असलेला नेझू, सेंदागी आणि यानाका हा जुन्या वस्त्यांचा पट्टा पायी पाहावा, असे मी सुचवेन. सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून निघावे. खोली सोडल्यानंतरही ते सहसा सांभाळतात.

1657 च्या भीषण आगीनंतर एदोतील, म्हणजे त्या वेळच्या टोकियोतील, अनेक देवळे यानाकाच्या टेकडीवर हलवली गेली. पुढे 1923 च्या भूकंपात आणि 1945 च्या बॉम्बफेकीत शहराचा मोठा भाग जळाला, तरी या परिसराचे बरेच क्षेत्र वाचले. त्यामुळे येथे गल्ल्या अजून अरुंद आहेत, लाकडी घरे आहेत आणि दारापुढे ओळीने मांडलेल्या कुंड्या आहेत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला हे दृश्य फारसे परके वाटणार नाही.

बहुतेक पर्यटक निप्पोरी स्थानकावर उतरून पायऱ्यांवरून खालच्या बाजाराकडे जातात. आपण नेमके उलटे करावे. सकाळी उएनोहून टॅक्सीने नेझू देवस्थान गाठावे. (टॅक्सीचे मागचे दार चालक आतूनच उघडतो आणि बंद करतो, ते आपण ओढू नये.) हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवालय 1706 मध्ये पाचवा शोगुन (लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशी याने बांधवले आणि त्या काळच्या मूळ इमारती आजही उभ्या आहेत. बाजूच्या उतारावर शेंदरी कमानींची दाट रांग आहे, तिच्याखालून जाताना उंच माणसाला मान थोडी वाकवावी लागते. आईंनी आवारातच बसून दशम्या-चटणी खाऊन घ्यावी, कारण पुढे शाकाहाराचा भरवसा नाही. ज्या सूपमध्ये किंवा नूडल्सच्या रश्श्यात मांस दिसत नाही, त्याचेही मूळ पाणी बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचे असते, आणि ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने तो मासा टळत नाही.

तेथून सेंदागीपर्यंतचा रस्ता सपाट आहे. पुढे यानाका गिन्झा ही जेमतेम 170 मीटर लांबीची बाजारपेठ लागते. मांसाचे तळलेले कटलेट विकणाऱ्या दुकानापुढे रांग दिसेल, ती आपल्यासाठी नाही. सेंबेई (तांदळाच्या भाजलेल्या कुरकुरीत चकत्या), चहाची पूड, लाकडी चॉपस्टिक्स यांची खरेदी मात्र येथेच उरकावी. पैसे दुकानदाराच्या हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवायचे. सुटी नाणीही तो त्याच तबकातून परत करतो. खाद्यपदार्थ घेतल्यास दुकानापाशीच उभे राहून खावा आणि कागद तेथेच परत द्यावा, कारण रस्त्यात कचराकुंडी सापडणार नाही. माशाच्या आकाराचे ‘ताइयाकी’ दिसले तर आईंनी दचकू नये. त्यात मासा नसून लाल अझुकी या कडधान्याचे गोड पुरण असते; वरच्या आवरणात अंडे आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

बाजाराच्या टोकाला ‘युयाके दांदान’ या छत्तीस पायऱ्या आहेत. त्या उलट दिशेने आल्यामुळे आपल्याला चढायच्या आहेत, उतरायच्या नाहीत. आईंच्या गुडघ्यांसाठीच हा सारा खटाटोप आहे. नावाचा अर्थ मावळतीच्या पायऱ्या असा, पण नोव्हेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि तोवर आपण गाडीत असाल.

वर शिल्पकार असाकुरा फुमिओ यांचे घर आणि कार्यशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे. ते सोमवारी व गुरुवारी बंद असते. आत जोडे काढावे लागतात, म्हणून मोजे धड असावेत. वेळ उरल्यास यानाकाच्या दफनभूमीत शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू याची समाधी पाहावी. 1867 मध्ये सत्ता सोडलेला हा माणूस 1913 पर्यंत जगला. आपल्या पूर्वजांप्रमाणे बौद्ध मंदिरात न निजता तो येथे शिंतो पद्धतीच्या साध्या गोल ढिगाऱ्याखाली विसावला आहे. मुलाला अकिहाबारा चुकल्याची खंत वाटत असेल, तर त्याला ही कथा आपणच सांगावी.

निप्पोरीहून यामानोते या रेल्वेमार्गाने दोनच थांब्यांवर उएनो. सामान घेऊन केइसेई-उएनो स्थानकावरून स्कायलायनर ही विमानतळाची जलद गाडी पकडावी. ती पाऊण तासाच्या आत विमानतळावर पोहोचवते. सर्व आसने आरक्षित असल्याने तिकीट सकाळीच काढून ठेवलेले बरे.