इंजेक्शन की ऑपरेशन: खेड्यात राहून काय निभतं ते आधी पाहा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय अडतीस, उंची पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो. पाच वर्षांपासून शुगर, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९. गुडघे दुखतात आणि घोरणं इतकं की रात्री मधेच गुदमरून जाग येते. गाव आर्णीकडचं. वजन उतरवायला भाऊ म्हणतो इंजेक्शन घे, नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, आणि सासूबाईंचं म्हणणं, "रातचं जेवण सोड, सारं बरोबर होते."

सासूबाईंचं बाजूला ठेवू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४३ च्या वर जातो. एवढं वजन शरीर सहजासहजी सोडत नाही. उपवासानं उतरलं की भूक वाढते आणि सगळं परत चढतं. तुमचं दोनदा तसंच झालं, त्यात तुमचा काही दोष नाही.

मी डॉक्टर नाही. आमचं कापूस-सोयाबीनचं घर, हिंगणघाट तालुक्यात. माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करायचं, ऑपरेशन २०१९ मध्ये नागपूरला झालं. धाकटी नणंद वरोऱ्याला असते, ती तिर्झेपटाइडचं, म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारं, इंजेक्शन घेते. त्यामुळे दोन्ही गोष्टी घरातच पाहून राहिली आहे.

आकडे आधी सांगून टाकते. सेमाग्लुटाइड या तसल्याच दुसऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, तिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. स्लीव्ह किंवा बायपासनं (हृदयाचं नाही, पोटाचं; जठराची छोटी पिशवी करून आतड्याला जोडतात) साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. पण इंजेक्शनचे हे आकडे शुगर नसलेल्यांचे, शुगर असली की कमी उतरतं. म्हणून तुमच्या हिशेबानं इंजेक्शननं दहा ते पंधरा किलो, ऑपरेशननं सव्वीस ते एकतीस. पण माझ्या मते निकाल यावर लागत नाही. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं आहे, चालू आहे तोवर काम करतं.

आता आपल्या घरांत पैसा दर महिन्याला येतो का? कापूस विकला की येतो, आणि पेरणीच्या तोंडावर घरात दमडी नसते. पगारदार माणसाला महिन्याचा खर्च झेपतो, आपल्याला जून-जुलैत तोच जड जातो. मौंजारो (तिर्झेपटाइड) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ पर्यंतच होतं, त्यामुळे भावानं सांगितलेला जुना भाव धरून बसू नका, मेडिकलमध्ये आजचा विचारा. आणि तो किती महिन्यांनी गुणायचा, तेही डॉक्टरांनाच विचारा. भाऊ पहिल्या महिन्याचे पैसे देतो म्हणाला असेल, पण पुढच्या वर्षांचं काय, हे त्याच्याशी आत्ताच बोला.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर ठेवायची मुभा थोड्याच दिवसांची, तीही तीस अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. नणंद चंद्रपूरहून औषध आणते ते रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. खाली बर्फाची पिशवी, वर टॉवेलची घडी, त्यावर डबी. टॉवेल कशाला, तर बर्फाला थेट लागून गोठलं की ते फेकावंच लागतं. लाइट गेली की ती फ्रिजचं दार कोणाला उघडू देत नाही, पोरांनी माठातलं पाणी प्यायचं. तिचं चौदा किलो उतरलं, शुगर ताब्यात आली, ती खूश आहे. डोस वाढवला की दोन-तीन दिवस मळमळते, म्हणून शनिवारी रात्री टोचते.

तुम्ही घेणार असाल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण जुन्या शुगरमध्ये साखर एकदम उतरली तर पडद्याला त्रास होऊ शकतो. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर शेतात चक्कर येऊन पडाल. स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल किंवा घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर ते आधीच सांगा. आणि व्हॉट्सॅपवर किंवा पार्लरमध्ये मिळणारं इंजेक्शन हातातही घेऊ नका. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्येच सावध केलं होतं.

ऑपरेशनचं लोकांना भ्याव वाटते ते टेबलावरचं. खरं तर ते दुर्बिणीनं होतं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढतात, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन बरंचसं तिथेच बनतं, म्हणून भूकही मंदावते. टाक्याच्या रेषेतून गळती, रक्तस्राव हे धोके आहेतच, पण अनुभवी हातात कमी. कठीण जातं ते घरी आल्यावर. मला सगळ्यात जड गेलं ते पाणी. उन्हातून आलं की तांब्याभर पाणी गटागटा प्यायची आपली सवय. स्लीव्हनंतर दोन घोटांतच छाती भरून येते. दिवसभर बाटली कमरेला लावून घोट घोट प्यावं लागतं, नाहीतर अंगातलं पाणी कमी होऊन सलाइन लावायची पाळी. म्हणून ऑपरेशन उन्हाळ्यात करू नका, पावसाळा उलटल्यावर करा. वेचाईच्या आधी उभ्या राहाल, फक्त त्या हंगामात ओझं उचलू नका.

जेवणात आधी घट्ट वरण, अंडं, उसळ, पाटोडीचा तुकडा, मग जागा उरली तर भाकर. भात मागे पडतो. पंगतीत "घ्या न बाप्पा अजून, काऊन एवढंसं?" म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगते की पोटाचं ऑपरेशन झालं आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गेले, पुढे आले. पोटाची कातडी मात्र लोंबते, ती तशीच आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभर. काहींना आंबट ढेकरांचा त्रास सुरू होतो. तुम्हाला आधीपासून असेल तर स्लीव्हऐवजी बायपासचा विचार करतात. पण बायपासनंतर गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद, त्यानं आत जखमा होतात. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे बायाही खातात म्हणून विचारते. ऑपरेशनच्या बऱ्याच आधी तो सुटलाच पाहिजे.

तुमचं वजन, शुगर आणि झोपेत गुदमरणं पाहता माझा कल ऑपरेशनकडे आहे. बीएमआय तीस-बत्तीसचा असता तर मी इंजेक्शनच आधी म्हटलं असतं. घरात कोणी गोळ्या आणि दरवर्षीच्या तपासण्या आठवणीनं करून घेणारं नसेल, तर मात्र हा कल मागे घेते. गोळ्या सुटल्या की हातापायाला मुंग्या येण्यापासून रक्त कमी होण्यापर्यंत सगळं होतं.

नागपूरला जाण्याआधी झोपेची तपासणी आणि सिकलची (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करून घ्या. आपल्या भागात सिकल बरंच आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असायला पाहिजे.

तुमचे मिस्टर म्हणतात ऑपरेशन विम्यात बसत नाही, ते बरोबर नाही. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून ताब्यात न येणारी शुगर किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नसेल, तर हे ऑपरेशन धरलं जातं. पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी किती लिहिला आहे ते पाहा आणि आधी केलेल्या डाएटच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, कंपनी त्या मागते.