दादाने इसार घेतलाय, आणि मला म्हणतो सही कर

प्रश्न : वडील २०११ साली वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यांनी पगारातून बांधलेलं घर तालुक्याच्या गावी आहे. मिळकत पत्रिकेवर आई, दोघे भाऊ आणि मी अशी चौघांची नावं आहेत. आई तिथेच राहते. थोरल्या भावाने आपला हिस्सा विकायचा म्हणून बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून इसार घेतलाय. मला म्हणतो, 'तुझं लग्नात दिलंय, हक्कसोडपत्रावर सही कर.' शक्य झालं तर त्याचा हिस्सा मीच विकत घ्यायला तयार आहे. तसं करता येईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी सही करू नका. 'लग्नात दिलंय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत पुरं करू शकते. लग्नातल्या खर्चाने वारसाहक्क संपत नाही. तो सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, म्हणून तर दादा तुमच्या सहीमागे लागलाय.

घर वडिलांचं स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार आई आणि तुम्ही तिघं भावंडं, प्रत्येकाला चौथा हिस्सा. यासाठी या कायद्यातल्या, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीची गरज नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. त्या दुरुस्तीने तुमचं काम वेगळ्या ठिकाणी सोपं केलं : कलम २३ रद्द झालं. पूर्वी राहत्या घराची वाटणी मुलींना भावांनी वाटून घ्यायचं ठरवेपर्यंत मागता येत नसे, आता येते.

दादा स्वतःचा चौथा हिस्सा विकू शकतो, अख्खं घर नाही. पण तो हिस्साही बाहेरच्याला देण्याआधी याच कायद्याचं कलम २२ आडवं येतं. वर्ग १ च्या, म्हणजे आई आणि तुम्ही भावंडं अशा सर्वांत जवळच्या वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्यांचा. (शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय.) किमतीवर एकमत झालं नाही तर अर्ज केल्यावर न्यायालय ती ठरवतं. मात्र खिशाचा अंदाज घेऊनच अर्ज करा. न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तुम्ही मागे फिरलात, तर अर्जाचा सगळा खर्च तुमच्यावर येतो. आई आणि धाकट्या भावालाही हाच हक्क आहे. एकाहून अधिक जण पुढे आले तर जास्त किंमत देणाऱ्याला हिस्सा मिळतो. तेव्हा धाकट्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर तुम्ही दोघंच एकमेकांची बोली चढवत बसाल.

समजा, खरेदीखत झालंच. तरी व्यापाऱ्याला आईंच्या शेजारच्या खोलीत सामान आणून टाकता येणार नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला घरच्यांसोबत सामाईक ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४४). त्याला वाटपाचा दावा लावावा लागेल. त्याने तो लावला की वाटप कायदा, १८९३ च्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला तुम्ही विकत मागू शकता.

पण तिथवर जाऊ देऊ नका. मनाई हुकमासाठी धावण्याआधी वकिलामार्फत दादाला नोटीस द्या : मी वारस आहे, तुझा हिस्सा घ्यायला तयार आहे, इसारात ठरलेली किंमत कळव. तिची प्रत व्यापाऱ्यालाही पाठवा, तीही खरेदीखत नोंदवलं जाण्याआधी. वादातल्या हिश्श्यात पैसे अडकवायला बरेच व्यापारी कचरतात.