किनाऱ्यावरची न्याहारी

प्रिय बाय,

नव्या कणसांच्या सणाला तू माझ्या शेजारी जेवायला बसली होतीस. फादरांनी आशीर्वाद दिलेलं कणीस अजून टेबलावरच होतं. तू भात ताटाच्या कडेला सारलास, बांगड्याचा चिमूटभर तुकडा तोंडात टाकलास आणि मांडीवरच्या मोबाइलमध्ये काहीतरी टिपलंस. पाण्याचा पेला देताना तुझी बोटं माझ्या हाताला लागली. एवढ्या दमट उकाड्यात ती गारठलेली होती. तेव्हापासून ते ताट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

परवा तू म्हणालीस, बेबिंक या गोडाचे दोन तुकडे खाल्ले म्हणून कुमसाराला, फादरांपुढे पाप कबूल करायला, गेले होते. हे मला फार लागलं. अधाशीपणा पाप आहेच, पण सणाला मावशीने प्रेमाने वाढलेलं गोड खाणं म्हणजे अधाशीपणा नव्हे. सकाळी न्हाणीत वजनकाट्यावर उभी राहतेस आणि त्या आकड्यावरून दिवसभर स्वतःला दोषी नाहीतर निर्दोष ठरवतेस. हा अधिकार त्या काट्याला कुणी दिला?

तू याला उपवास म्हणतेस. मीही म्हणायचे. 19 वर्षांची असताना एका लग्नात नात्यातल्या बाईने सगळ्यांदेखत माझा दंड चिमटीत धरून म्हटलं, "हिला कापड दुप्पट लागणार." त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला आणि मला आडोसा मिळाला. आईला सांगायचे, देवासाठी सोडलंय. ईस्टर उलटला तरी सोडलेलं पुन्हा धरलं नाही. चर्चच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. चार महिने पाळी आली नाही. ओठांवर देवाचं नाव होतं आणि मागणं एकच, कंबर कमी होऊ दे.

म्हणून नीट ऐक. चर्चने उपवास सक्तीचा केलाय तो वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना, आणि त्या दिवशीसुद्धा एक पोटभर जेवण नि दोनदा थोडंथोडं खायची मुभा आहे. सिएनाची संत कॅथरिन तुझी आवडती. तिने अन्न जवळजवळ सोडलंच होतं. खा म्हणून सांगितलं तरी तिला खाववत नव्हतं, आणि 1380 मध्ये अवघ्या 33व्या वर्षी ती गेली. तिची भक्ती घे, तिचं उपाशी राहणं घेऊ नकोस.

'शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर' हे वचन तू आरशावर चिकटवलंयस. बायबलमध्ये संत पौलाने ते करिंथच्या लोकांना व्यभिचाराबद्दल लिहिताना सांगितलं, कमरेच्या मापाबद्दल नाही. आणि मंदिरच म्हणायचं तर त्यातल्या दिव्याला तेल नको का?

त्यापेक्षा योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय वाच, सावकाश. मेलेल्यांतून उठलेला प्रभू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळं टाकून दमलेल्या शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या गावातल्या आपल्याला तो वास वेगळा सांगायला नको. तिथे पेत्रही होता, प्रभूला तीनदा नाकारणारा. प्रभूने त्याला आधी खाऊ घातलं, मग विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? प्रभूच्या अंगावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, ते त्याने शंका घेणाऱ्या थोमाला आपणहून दाखवले. तू मात्र मे महिन्यातही दंड लांब बाह्यांत झाकतेस.

केस गळतात, चक्कर येते, पाळी चुकते, हे नुसत्या प्रार्थनेवर सोडू नकोस. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवू, मी सोबत येते. मनाच्या आजाराचे डॉक्टरही बांबोळीलाच आहेत, त्यांच्याकडे जाण्यात लाज कसली? रात्री-अपरात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, पैसे पडत नाहीत.

रविवारी मिस्सा झाली की थेट माझ्याकडे ये. उकड्या तांदळाची पेज, कैरीचं लोणचं आणि पाववाल्या पोदेराची गरम पोय. तुझ्या ताटात किती आहे ते मी बघणार नाही. मोबाइल तेवढा दारातल्या फळीवर ठेव.

तुझी,
टीचर